पाय कागदाबाहेर जातात त्यांच्यासाठी: लाइफ ड्रॉइंगमधलं माप आणि मांडणी

लाइफ ड्रॉइंगच्या, म्हणजे समोरच्या जिवंत मॉडेलवरून माणूस काढायच्या, कुठल्याही सेशनला ब्रेकमध्ये सगळ्यांच्या बोर्डांवरून एक चक्कर मारा, निम्म्या कागदांवर मॉडेल घोट्यापाशीच संपलेली असते. काहींनी पाय कसेबसे कोंबलेले असतात, म्हणजे मांडीपर्यंत सगळं झकास आणि गुडघ्याखाली एकदम आखूड. आणि मागच्या रांगेत दोघंतिघं असे की आकृती मधोमध एवढीशी आणि आजूबाजूला नुसतं मैदान. मग म्हणायचं "माझी अ‍ॅनाटॉमी कच्ची आहे" आणि हाडं-स्नायूंची पुस्तकं घेऊन बसायचं. अहो, स्नायूंचा काही संबंध नाही इथे, हा भागाकाराचा प्रश्न आहे आणि तो पेन्सिल टेकवायच्या आधी सोडवायचा असतो.

आधी भागाकार

उभ्या असलेल्या मोठ्या माणसाची उंची त्याच्याच डोक्याच्या साधारण साडेसातपट भरते. डोकं म्हणजे हनुवटीपासून टाळूपर्यंत, अंबाडा किंवा फुगवलेले केस सोडून. आठ डोक्यांची आकृती दिसायला रुबाबदार म्हणून चित्रकार वापरत आलेत, पण समोर बसणारी माणसं बहुतेक साडेसातच्या आसपासचीच असतात. खुर्चीवर ताठ बसलेला माणूस जमिनीपासून सहा डोकी, जमिनीवर मांडी घालून बसलेला चार डोकी. एवढे तीन आकडे लक्षात असले की बास, आणि तेही ढोबळच, प्रत्यक्ष मोजल्यावर वेगळं आलं तर मॉडेलचं खरं धरायचं.

आता ए३ कागद घ्या, उंची ४२ सेंटीमीटर. वर-खाली जागा सोडून उभ्या आकृतीला मिळाले ३५. साडेसातने भागा, डोकं आलं साडेचार सेंटीमीटरच्या जरा वर, म्हणजे जेमतेम अडीच बोटं. आणि आपण सुरुवात कुठून करतो, तर चेहऱ्यापासून, आणि चेहऱ्यात डोळे नाक ओठ सगळं नीट बसायला हवं म्हणून हात आपोआप सहा सेंटीमीटरचं डोकं काढून मोकळा होतो. सहा साते बेचाळीस, वर अर्ध्या डोक्याचे तीन, झाले पंचेचाळीस. कागद बेचाळीसचा! पाय कापले जाणार हे पहिल्या पाच मिनिटांतच ठरून गेलेलं असतं, कळतं फक्त शेवटी.

इम्पीरियल शीट, म्हणजे चित्रकलेचा मोठा कागद, २२ बाय ३० इंच असतो. उभा लावून वर-खाली दोन-दोन इंच सोडले तर २६ उरतात, डोकं साडेतीन इंच. हाफ इम्पीरियल १५ बाय २२, त्यावर उभ्या आकृतीला १९ इंच दिले तर डोकं अडीच इंच. हा आकडा काढला की कागदाच्या कोपऱ्यात तेवढ्या लांबीची एक बारीक रेघ मारून ठेवा, आकडा लिहू नका, रेघच मारा. काम रंगात आलं की आकडा कोण बघतो, रेघ मात्र दिसत राहते.

फेटेवाला आजोबा बसला असेल, आणि आपल्याकडच्या क्लासेसमध्ये तो बसतोच कधी ना कधी, तर फेट्यासकट डोकं मोजू नका. हनुवटी ते भुवई मोजा, ते डोक्याच्या निम्म्याहून थोडं जास्त असतं, त्यावरून फेट्याखालचं डोकं अंदाजाने धरा. पण कागदावर जागा राखताना फेटा धरायचा, आणि त्याचा तुरा असेल तर तोही. म्हणजे मापाला डोकं वेगळं आणि जागेला डोकं वेगळं. नऊवारीतल्या बाईचं अजून वेगळं. उभ्या माणसाचा मध्य जांघेपाशी येतो हे सगळ्यांना पाठ असतं पण निऱ्यांच्या मागे ती जांघ दिसणार कशी, तिथे गुडघ्याचा टेंगूळ कापडातून कुठे वर आलाय ते शोधायचं, टाचेपासून गुडघ्यापर्यंत साधारण दोन डोकी, आणि तिथून वर मोजत जायचं.

कुठे बसायचं, बोर्ड कसा धरायचा

जागा मिळेल तिथे बसतात लोक, आणि मग तासभर त्याची किंमत मोजतात. मॉडेलच्या उंचीच्या दुप्पट ते तिप्पट अंतर हवं, म्हणजे उभी पोज असेल तर साडेतीन ते पाच मीटर. त्याहून जवळ बसलात तर आकृती एका नजरेत मावतच नाही, डोकं बघायला मान वर करायची आणि पाय बघायला खाली, आणि पाय वरून बघितल्यासारखे दिसतात, हनुवटी खालून. असे दोन वेगवेगळे देखावे एका कागदावर जोडले की आकृती कुठेतरी विचित्र वाटते पण नक्की कुठे ते सापडत नाही. फ्लॅटच्या हॉलमध्ये चारपाच जण मिळून मॉडेल बसवत असाल तर एवढं अंतर मिळणं शक्यच नाही, मग तिथे उभी पोज घेऊच नका ना, बसलेली घ्या किंवा कमरेपर्यंत काढा.

अंतराचा अजून एक हिशोब आहे जो फारसा कोणी सांगत नाही. बोर्ड डोळ्यांपासून साधारण ६० सेंटीमीटरवर असतो. १६५ सेंटीमीटर उंचीची मॉडेल ३ मीटरवर उभी असेल तर त्या बोर्डाच्या अंतरावर तिची उंची ३३ सेंटीमीटर दिसते. ५ मीटरवर गेली की २० सेंटीमीटरच्या खाली. डोळ्याला दिसतं तेवढंच काढायची हाताची ओढ असते, म्हणून तर मागच्या रांगेतल्यांची चित्रं बारकी येतात, त्यात त्यांचा दोष नाही. तर पर्याय दोन. एक, दिसतं त्या मापातच काढायचं आणि कागदच लहान घ्यायचा. दुसरा, दिसतं त्याच्या नेमकं दुप्पट किंवा नेमकं दीडपट काढायचं असं आधी ठरवायचं आणि शेवटपर्यंत तेच धरायचं. डोकं दुप्पट, धड दीडपट आणि पाय जे उरेल ते, हे होतं कारण काही ठरवलेलंच नसतं.

बोर्ड मांडीवर आडवा ठेवू नका हो. आपल्याकडे भारतीय बैठकीत बसून काढायची सवय, ती छानच आहे, पण बोर्ड आडवा पडला की कागदाचा वरचा भाग डोळ्यांपासून लांब जातो आणि लहान दिसतो, मग ते भरून काढायला हात डोकं-खांदे मोठे करतो आणि सगळी आकृती लांबट होते. पूर्ण झालेलं चित्र भिंतीला टेकवलं की राक्षसासारखं डोकं अंगावर येतं. बोर्डाची वरची कड समोरच्या खुर्चीच्या पाठीवर टेकवा, खालची मांडीवर, आणि नजर कागदावर काटकोनात पडतेय का बघा. मॉडेल आणि कागद दोन्ही मान न हलवता, नुसते डोळे फिरवून दिसायला हवेत.

चार टोकं आणि एक चौकट

मोजायला सायकलचा स्पोक किंवा स्वेटरची सुई घ्या, पेन्सिल जाड असते. हात कोपरातून सरळ, एक डोळा बंद, अंगठा सरकवून माप. हात वाकला की माप बदललं, हे शंभर वेळा सांगूनही हात वाकतातच. आणि ओळंबा ठेवा जवळ, गवंड्याचाच पाहिजे असं नाही, दोऱ्याला नट बांधला तरी चालतो, कानाखाली कुठला घोटा येतो ते त्याच्याइतकं कोणी खरं सांगत नाही.

आता एक पोज नीट घेऊ. नऊवारी नेसलेली बाई जमिनीवर बसलीये, एक गुडघा उभा, दुसरा पाय उजवीकडे लांब केलेला, डावा हात मागे जमिनीवर टेकलेला, तोंड लांब केलेल्या पायाच्या दिशेला. मोजलं तर जमिनीपासून टाळूपर्यंत चार डोकी. मागे टेकलेल्या बोटांपासून पुढच्या पायाच्या अंगठ्यापर्यंत पाच डोकी. म्हणजे पोज उंचीपेक्षा रुंद आहे, आणि तरीही वर्गातले बरेच जण कागद उभाच ठेवणार कारण क्लिप तशी लावलेली असते!

हाफ इम्पीरियल उभा ठेवला तर रुंदी १५, दोन्ही बाजूंचा एकेक इंच सोडून १३, पाचने भागून डोकं २.६ इंच, आकृतीची उंची साडेदहाच्याही आत आणि वर-खाली मिळून अकराबारा इंच कागद रिकामा. आता तोच कागद आडवा करा. रुंदीचा हिशोब, २२ मधून ४ वजा, १८ भागिले ५, डोकं ३.६. उंचीचा हिशोब, १५ मधून अडीच वजा, साडेबारा भागिले ४, डोकं ३.१. दोन उत्तरांतलं लहान घ्यायचं, नेहमी लहान. धरूया ३ इंच. आकृती झाली १५ इंच रुंद, १२ इंच उंच. ही १५ बाय १२ ची चौकट पुसट काढायची, आतमध्ये अजून काहीच नाही, डोळा नाही नाक नाही, फक्त चौकटीच्या चारही बाजूंना कुठलं टोक कुठे टेकतंय त्याच्या चार खुणा आणि उभा-आडवा मध्य. डोक्याचं टोक चौकटीच्या वरच्या बाजूवर नेमकं कुठे येतं, मधल्या रेषेच्या डावीकडे किती, हे एकदा ठरलं की अर्धी पोज सापडली म्हणा.

वीस मिनिटांच्या पोजमध्ये पहिली तीन मिनिटं यात गेली तरी घाबरायचं नाही. शेजारच्याचा डोळा काढून झालेला असतो आणि आपल्या कागदावर नुसता खोका, धीर सुटतो, खरंय. पण त्याचे पाय कुठे जाणारेत ते तुम्हाला आता माहीत आहे.

जेजेमध्ये, म्हणजे मुंबईच्या १८५७ साली सुरू झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, लाइफ क्लास रुजला तो १९२० च्या आसपास, कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन प्रमुख असताना. अशा शाळेतल्या लांब पोजेसना मोजून पुसून परत मोजायला वेळ असतो. रविवारच्या दोन तासांच्या सेशनमध्ये तो मिळत नाही, म्हणून हिशोब तोंडी यायला हवा.

उरलेला कागद

वरच्या उदाहरणात आकृती १५ इंच, कागद २२, म्हणजे आडवे ७ इंच उरले. आणि उभे ३. कम्पोझिशन म्हणजे सुरुवातीला एवढंच, या सात आणि तीन इंचांचं काय करायचं. बहुतेक जण साडेतीन-साडेतीन करून टाकतात, चित्र मधोमध, शाळेतल्यासारखं. मी म्हणेन बाई जिकडे बघतेय तिकडे साडेचार-पाच इंच द्या, पाठीमागे दोन-अडीच. नजरेला पुढे जायला जागा मिळते. उलटंही करता येतं, नाकासमोर कागदाची कड आणि पाठीमागे मोकळं, कोंडल्यासारखं वाटतं, तसं हवं असेल तर जरूर करा, पण ठरवून. उभ्या तीन इंचांतला थोडा जास्त वाटा खाली द्या, जमीन दिसली पाहिजे, नाहीतर बाई कागदावरून घसरेल असं वाटतं.

एक गोष्ट मात्र कधीच नको, पायाचा अंगठा किंवा कोपर कागदाच्या कडेला नुसतं टेकलेलं. टेकलं की नजर तिथेच अडकून बसते. एकतर स्पष्ट फट ठेवा नाहीतर सरळ कापा.

रिकामी जागा कशी वाटली जातेय ते बघायला आकृतीकडे बघणं सोडा आणि हात-धडाच्या मधला त्रिकोण बघा, उभ्या गुडघ्याखालचा तुकडा बघा, मग कागदाचे चार कोपरे. चारही कोपऱ्यांत सारख्या आकाराचे तुकडे उरले असतील तर चित्र मेलेलं दिसतं, तीन लहान आणि एक मोठा असेल तर जीव येतो. हे आधी काड्यापेटीएवढ्या चौकटींत करून बघायचं, तीनचार, प्रत्येकी अर्धं मिनिट. पण त्या चौकटी कागदाच्याच प्रमाणात हव्यात, अंदाजाने काढलेल्या चौकोनात जमलेली मांडणी मोठ्या कागदावर बसत नाही आणि मग कळत नाही बिघडलं काय. सोपी युक्ती आहे, रद्दी कागद बोर्डाच्या कागदाएवढा कापा, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारा, त्या रेघेवर कुठेही बिंदू घेऊन त्याच कोपऱ्याशी चौकोन पूर्ण केला की तो त्याच प्रमाणाचा लहान कागद. शाळेत चित्राला आधी चौकट आखायची सवय लावतात ना, ती इथे कामी येते. जाकोमेत्तीसारखा मोठा शिल्पकार-चित्रकारसुद्धा कॅनव्हासच्या आत अजून एक चौकट रंगवायचा आणि माणूस तिच्यात बसवायचा.

मोबाइलने फोटो काढून फ्रेम ठरवणारे बरेच आहेत. ठरवा, पण मोबाइलची लेन्स रुंद असते, जवळून घेतला तर पुढचा गुडघा भोपळ्याएवढा येतो, तेव्हा फ्रेम बघून फोन खिशात. पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे कापून एकमेकांवर सरकवले तर तेच काम होतं आणि नोटिफिकेशनही येत नाही.

चित्रातल्या वजनाचा, म्हणजे नजर कुठे ओढली जाते त्याचा, मुद्दा थोडक्यात. नजर सगळ्यात आधी जाते ती जिथे गडद आणि उजेड एकमेकांना भिडतात तिथे, मग ते कागदात कुठेही असो. चित्रकार सा. ल. हळदणकरांचं म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं 'ग्लो ऑफ होप' आठवा, दिव्याला आडोसा केलेल्या हाताची बोटं आणि चेहरा, बाकी सगळं त्यांच्यासाठी मागे सरलेलं. तुमच्या चित्रात सगळ्यात काळा चारकोल जर कोपऱ्यातल्या स्टुलाच्या पायावर पडला असेल तर चेहरा कितीही सुंदर काढा, लोक स्टूलच बघणार. पडछाया असेल तर तीही चौकट मोजताना धरा, लांब पडछाया अख्खी मांडणी एका बाजूला ओढते.

कापायचं तर

सांध्यावर कापू नये. मनगट, गुडघा, घोटा, इथे कागद संपला की अवयव तोडल्यासारखा दिसतो. मांडीच्या मध्यावर, पोटरीच्या मध्यावर कापा. फ्रेंच चित्रकार एदगार दगाचं १८८६ चं 'द टब' पॅरिसच्या ओर्से म्युझियममध्ये आहे, वरून बघितलेली टबातली बाई, आणि उजव्या बाजूला एका फळीची कड जवळजवळ उभी कापत जाते आणि फळीवर भांडी. चित्रातला एवढा मोठा पट्टा त्याने सामानाला दिला आणि तरी बाईच दिसते. ऑस्ट्रियन चित्रकार एगोन शीले तर बऱ्याचदा खुर्ची, जमीन काहीच काढत नाही, नुसता माणूस आणि कोरा कागद, आणि माणूस कडेला इतका दाबून बसवलेला की कोरा कागदच अंगावर येतो. दोघांचंही बघा, नक्कल करायला नको, कड कुठे आलीये एवढंच बघायला.

मॉडेल पाय तुमच्याकडे करून झोपली असेल तर डोक्यांचा हिशोब गुंडाळून ठेवा. तळवा डोक्याहून मोठा दिसू शकतो आणि तो तसाच काढायला हवा, मन कितीही नाही म्हणालं तरी. तिथे फक्त चौकट, उंची किती, रुंदी किती, आणि तळव्यामागे किती धड लपलंय.

एकाच कागदावर खूप आकृत्या

एकदोन मिनिटांच्या पोजेसना मोजत बसायचं नाही, वेळच नसतो. पण इम्पीरियल शीटवर सातआठ पोजेस काढताना सगळ्यांची डोकी सारख्या मापाची ठेवा, यासारखा मापाचा सराव नाही. पहिलं डोकं दोन इंच तर शेवटचंही दोनच. हे जमायला लागलं की आकृत्या मागेपुढे करून गर्दी रचता येते आणि इथे एकच नियम लागतो, डोळ्यांची पातळी. तुम्ही खुर्चीत बसून काढत असाल तर तुमच्या डोळ्यांची पातळी समोर उभ्या असलेल्या माणसाच्या साधारण छातीशी-पोटाशी येते. कागदावर तेवढ्या उंचीवर एक आडवी रेघ मारा. सपाट जमिनीवर उभे असलेले सारख्या उंचीचे सगळे जण, जवळचे असोत की लांबचे, मोठे असोत की बारके, त्या रेघेने शरीराच्या त्याच जागी कापले जातात. एकाच्या छातीतून रेघ गेली आणि मागच्याच्या गुडघ्यातून, तर मागचा माणूस ओट्यावर चढलेला दिसणार. एसटी स्टँडवर स्केचिंग करणाऱ्यांनी हे जरूर करून बघावं, बाकड्यावर बसून रेघ मारायची आणि येतील तसे लोक तिच्यावर लटकवत जायचे, बसलेले असतील त्यांची डोकी रेघेला येऊन टेकतात.

आणि एवढं करूनही पाय बाहेर गेलेच तर? आखूड पाय काढून कोंबू नका, ते सगळ्यात वाईट. कागद वाढवा. दगा चित्र पुरेनासं झालं की सरळ कागदाच्या पट्ट्या जोडायचा, त्याच्या पेस्टल्समध्ये ते जोड आजही दिसतात. त्याच कागदाची पट्टी घ्या, कड कडेला बरोबर भिडवा, एकमेकांवर चढवू नका कारण चढलेल्या कडेवर चारकोल काळी रेघ धरतो, आणि चिकटपट्टी मागून लावा. बोर्ड खाली पुरत नसेल तर आधी कागद वर सरकवून घ्या, मगच पट्टी.